न दिलेलं पाणी

मुलांनो, जरा अशी कल्पना करा. तुम्ही एका लोखंडी खाटेवर पडला आहात. सकाळ होऊन बराच वेळ झालाय. खिडकीतलं ऊन सरकत सरकत तुमच्या पायांपाशी आलंय. ओठ ओले करावे म्हणून जीभ फिरवावी, तर जीभच कोरडी. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना त्यांची सून तांब्यातून पाणी ओतून देते आहे, आणि ते गटागटा पिताहेत. तुम्हाला मात्र कोणी घोटभरसुद्धा देत नाही. रागावून नव्हे, बरं का. तुमच्या भल्यासाठीच देत नाहीत.

जमली कल्पना? आता त्या खाटेवरून तुम्ही उठा आणि तिथे रेणूला निजवा. ही गोष्ट तिची आहे. आणि तिच्याइतकीच कौसल्या सिस्टरांची.

रेणू केदारखेड्याची. चौथीत शिकायची. तिचे वडील बिरू यांच्याकडे थोडी मेंढरं होती, बाकी दिवस ते दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायचे. रेणू रांगती होती तेव्हा चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या तव्यावर तिनं उजवा हात टेकला. जखम भरली, पण भरताना कातडी आकसत गेली आणि तिनं बोटांना तळहाताकडे ओढून घेतलं. तेव्हापासून तो हात उघडलाच नाही. रेणू डाव्या हातानं लिहायची, डाव्या हातानं जेवायची, आणि पाहुण्यांसमोर उजवा हात ओढणीखाली ठेवायची. मैत्रिणी गजगे, म्हणजे सागरगोटे, खेळायला बसल्या की ती म्हणायची, "मी मोजते. तुमी खेळा."

अंबडच्या एका दवाखान्यात बाहेरून एक सर्जन यायचे आणि अशा हातांच्या शस्त्रक्रिया करायचे. आकसलेली कातडी मोकळी करायची, मांडीची पातळ कातडी तिथे लावायची, आणि मग कित्येक महिने बोटं सरळ ठेवण्याचा व्यायाम. या कामात शस्त्रक्रिया हा निम्मा भाग. उरलेला निम्मा व्यायामाचा. तो केला नाही तर कातडी पुन्हा आकसते आणि बोटं आली तशी परत जातात. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्यावरच येऊन थांबणार आहे.

त्या दवाखान्यात कौसल्या सिस्टर वॉर्डाच्या प्रमुख होत्या. लोक त्यांना मोठ्या सिस्टर म्हणायचे. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. त्यांची इस्त्रीची घडी संध्याकाळपर्यंत मोडायची नाही, आणि त्यांचा आवाज वॉर्डाच्या या टोकाला निघाला की त्या टोकाचा माणूस बिडी विझवायचा. पण ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर त्यांनी हात ठेवला की लेकरू रडायचं थांबायचं, हेही सगळ्यांनी पाहिलेलं.

त्यांचा एक नियम होता. सकाळी ज्याची शस्त्रक्रिया, त्याच्या पोटात आदल्या रात्रीपासून अन्नाचा कण नाही आणि पाण्याचा थेंब नाही. खाटेला त्या स्वतः 'उपाशी' अशी पत्र्याची पाटी अडकवायच्या आणि उशाचा तांब्या उचलून न्यायच्या.

हा नियम त्यांनी हौसेनं धरला नव्हता. नोकरी नवी असताना त्यांच्या वॉर्डात एक छोटा मुलगा होता. त्याच्या आत्यानं, बिचारं भुकेजलंय म्हणून, सगळ्यांच्या नकळत त्याला दूध-बिस्किट भरवलं. भूल दिल्यावर ते सगळं वर आलं आणि श्वासाच्या नळीत गेलं. मुलगा वाचला नाही. त्याच्या आईनं नंतर कौसल्या सिस्टरांचा हात धरून एवढंच विचारलं होतं, "तुमचं लक्ष कुठं व्हतं, माय?" त्या दिवसापासून त्यांचं लक्ष कधी हललं नाही. आणि त्यांच्या वॉर्डात तसं पुन्हा कधी झालंही नाही.

मग भूल देणारे नवे डॉक्टर आले. डॉक्टर कल्याण. तरुण, चष्म्याचे, बोलता बोलता पेनचं टोपण चावणारे. एक दिवस त्यांनी सगळ्यांना चहाला बोलावलं आणि सांगितलं, "आपण पाण्याबाबत चुकतोय. जेवण आणि दूध पोटात बराच वेळ राहतं, ते बंद ठेवायलाच हवं. पण साधं पाणी पोटातून लवकर पुढे जातं. हजारो पेशंटांवर हे तपासून झालंय. भूल द्यायच्या दोन तास आधीपर्यंत पाणी दिलं तर धोका वाढत नाही. उलट लेकरं कमी रडतात, सलाईनसाठी शीर चटकन सापडते. आपण उगाच त्यांना तहानलेलं ठेवतो."

आता गंमत बघा. एकच गोष्ट सगळ्यांनी ऐकली, पण प्रत्येकानं ती आपापल्या परीनं घेतली. सर्जन घड्याळ बघत म्हणाले, "भूल तुमची, पाणीही तुमचंच. मला पेशंट टेबलावर मिळाला म्हणजे झालं." प्रांजली नावाची तरुण सिस्टर होती. तिनं डॉक्टरांनी फळ्यावर लिहिलेल्या नव्या नियमाचा मोबाइलवर फोटो काढला आणि आपल्या पाळीत दुसऱ्याच दिवसापासून पाणी द्यायला लागली. व्यायाम घेणाऱ्या रूपाली मॅडम हसल्या. शस्त्रक्रियेनंतर बोटं लवकर हलवायला हवीत, नुसती बांधून ठेवून चालत नाही, हे दवाखान्याला पटवण्यात त्यांची वर्षं गेली होती. "सर," त्या म्हणाल्या, "तुम्ही आज सांगितलंत ना? आता पुढच्या चहाला पुन्हा हेच सांगायची तयारी ठेवा."

कौसल्या सिस्टरांनी कप खाली ठेवला.

"सर, तुमच्या त्या हजारो पेशंटांत आपल्या जालना जिल्ह्याचं एखादं लेकरू होतं का?"

"सिस्टर, पोट सगळीकडे सारखंच असतं."

"पोट सारखं असेल. नातेवाईक सारखे नसतात. आपण म्हणायचं पाणी द्या, ते चहा देतात. चहा द्या म्हटलं की त्यात पोळी बुडवतात."

सगळे हसले. डॉक्टर कल्याणही हसले, पण सिस्टरांचं म्हणणं त्यांनी झटकून टाकलं नाही. ते म्हणाले, "बराबर आहे. मग नातेवाइकांनी द्यायचंच नाही. सिस्टरनं स्वतःच्या हातानं, मोजून, पेल्यातून द्यायचं. मग तर चालेल?"

"चालेल, सर," कौसल्या सिस्टर म्हणाल्या.

आणि त्यांनी दिलं नाही. त्यांच्या पाळीत तांब्या पूर्वीसारखाच उचलला जायचा. त्यांनी कुणाशी भांडण केलं नाही, की हे मला पटलेलं नाही, पुन्हा समजावून सांगा, असंही म्हटलं नाही. दवाखान्यात ही एक जुनी सवय असते. वरच्यानं सांगितलं की हो म्हणायचं, आणि पाठ वळली की आपलं जे आहे ते करायचं. त्यात आपण खोटं बोललो असं कुणाला वाटतच नाही. कौसल्या सिस्टरांनाही वाटलं नाही. त्यांना वाटायचं, डॉक्टर आज आहेत, उद्या बदलून जातील. लेकरू माझ्या वॉर्डात आहे.

रेणूची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. यादीत तिचं नाव पहिलं होतं, त्यामुळे सकाळी लवकर सगळं आटोपेल असं सगळ्यांनी धरलेलं. तिची आई दुर्गा खाटेच्या कडेला बसली होती. तिनंही आदल्या रात्रीपासून काही घेतलं नव्हतं.

"तुझी कुठं शस्त्रक्रिया आहे?" कौसल्या सिस्टरांनी तिला विचारलं. "जा, चहा घेऊन ये."

"लेकरू उपाशी अन् म्या कसा चहा पिऊ?" दुर्गा म्हणाली. "तिच्यासंगंच पीन."

इतक्यात बाहेर गडबड उडाली. अडलेल्या एका बाईला जीपमधून आणलं होतं. तिचं बाळंतपण तातडीनं शस्त्रक्रियेनं करावं लागणार होतं. तिला आधी घेतलं. रेणूचा नंबर मागे गेला. त्या बाईला रक्त लागलं, ते येईपर्यंत आणखी वेळ गेला. खिडकीतलं ऊन पायांवरून पोटावर आलं.

मधेच डॉक्टर कल्याण वॉर्डाच्या दारात आले. हिरवे कपडे, गळ्यात खाली ओढलेला मास्क. आत न येता तिथूनच म्हणाले, "सिस्टर, त्या हाताच्या मुलीला अजून निदान तीन तास लागतील. तिला आत्ता पाणी द्या. पेलाभर द्या, खुशाल पिऊ द्या."

"हो सर, देते," कौसल्या सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टर धावत परत गेले. दुर्गा तेव्हा बाहेर नवऱ्याला फोन करत होती. रेणू डोळे मिटून पडली होती. सिस्टरांना वाटलं, झोपली आहे.

त्या पाण्याच्या माठापाशी गेल्या. हे मला तुम्हाला सांगायलाच हवं, की त्या गेल्या होत्या. पेला हातात घेतला होता. आणि तेवढ्यात त्यांना तो जुना मुलगा आठवला, त्याच्या आईचा हात आठवला. आज घाई आहे, गडबड आहे, अशाच दिवशी चुका होतात, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पेला पालथा घालून ठेवला. त्या मुलाच्या पोटात पाणी नव्हतं, दूध-बिस्किट होतं, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. डोळ्यांनी पाहिलेलं खरंच होतं. पण त्यावरून धरलेला नियम पाहिलेल्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

त्या खाटेपाशी आल्या तेव्हा रेणूनं डोळे उघडले.

"सिस्टर, पाणी."

"डॉक्टरांनी नको सांगितलंय, बाळा. आता थोडाच वेळ."

रेणूनं दाराकडे पाहिलं. मग सिस्टरांकडे पाहिलं. त्यानंतर तिनं पाणी मागितलं नाही.

दुपार उलटल्यावर तिला आत नेलं. सोबत कौसल्या सिस्टर होत्या. उजव्या हातावर शस्त्रक्रिया, म्हणजे सलाईनची सुई डाव्या हाताला लावायची. डॉक्टर कल्याणांनी हातावर पट्टा आवळला, टिचक्या मारल्या, चोळून पाहिलं. शीर दिसेना. अंगात पाणी कमी झालं की शिरा अशा लपून बसतात. एकदा सुई घातली, चुकली. पुन्हा घातली, पुन्हा चुकली. मनगटावर, कोपराशी, मग पायावर. रेणू आधी नुसती कण्हत होती. मग किंचाळायला लागली. "सोडा मला! मला घरी जायचंय! माय, ये ना गं!" दोघांनी तिचे पाय धरले. कौसल्या सिस्टरांनी तिचा खांदा दाबून धरला होता, आणि रेणूची नजर सारखी त्यांच्याच तोंडावर होती. शेवटी रडत्या लेकराच्या तोंडावर मास्क धरूनच तिला भूल द्यावी लागली, आणि सुई नंतर लावली.

शस्त्रक्रिया मात्र उत्तम झाली. बोटं सरळ झाली, लावलेली कातडी धरली.

हात धुताना डॉक्टर कल्याणांचा चेहरा पडला होता. "सिस्टर, पाणी दिलं होतंत ना तिला?"

मुलांनो, खरं बोलायला याहून सोपी जागा पुन्हा मिळणार नव्हती. नळ चालू होता, जवळ दुसरं कोणी नव्हतं.

"थोडं प्यायली, सर," कौसल्या सिस्टर म्हणाल्या.

"तरी अशा शिरा?" डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "आपल्याकडच्या उन्हात पेलाभर पाण्यानं काही होत नसेल. मी उगाच तुम्हाला सगळ्यांना आग्रह केला."

एका मुलीवरून एवढं ठरवू नये हे त्यांना कळत होतं. पण त्या दिवशी त्यांनी एका लेकराला इतक्या वेळा टोचलं होतं, आणि त्यानं त्यांचा धीर खचला. आठवड्याच्या आत त्यांनी प्रांजलीला सांगितलं, "पाण्याचं राहू द्या सध्या. जुनंच चालू ठेवा." प्रांजलीचं तोंड उतरलं. "पण सर, माझ्या पाळीत लेकरं किती शांत असायची." डॉक्टर म्हणाले, "असतीलही. पण खात्री नाही वाटत आता."

कौसल्या सिस्टर तिथेच उभ्या होत्या. चादरींच्या घड्या घालत होत्या. त्यांनी एक घडी मोडली आणि पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेला एक चिमुरडा पाण्यासाठी आक्रोश करत होता. आईच्या पदराचं टोक तोंडात घालून चोखत होता. प्रांजली त्याच्याजवळून खाली मान घालून गेली. याआधी असं रडणं कौसल्या सिस्टरांनी शेकडो वेळा ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी त्यांना वाटलं होतं, रड बाबा, रडलास तरी जगशील. त्या दिवशी तसं वाटेना. त्यांना वाटलं, याला आज पाणी मिळालं असतं. माझ्या एका शब्दापायी मिळालं नाही. दिलं नाही ती एक चूक होती. दिलं म्हटलं, ती त्याहून मोठी. कारण त्या शब्दावर विश्वास ठेवून एक शहाणा माणूस चुकीच्या वाटेला लागला होता, आणि त्याच्या मागे सगळा दवाखाना.

तरी त्या बोलल्या नाहीत. आज बोलू, उद्या बोलू, असं करत दिवस गेले. इतक्या वर्षांची इस्त्री अशी सहज मोडवत नाही.

टाके काढून रेणू घरी गेली. जाताना रूपाली मॅडमनी तिच्या हाताला बसेल अशी प्लास्टिकची पट्टी करून दिली आणि बजावलं, "दर आठवड्याला यायचं. बोटं मी सरळ करून देणार, मग तू घरी करायचीस." पहिल्या आठवड्याला कोणी आलं नाही. दुसऱ्यालाही नाही. रूपाली मॅडमनी फोन लावला तर बिरू म्हणाले, "मॅडम, पोरगी गाडीतच बसंना. दवाखान्याचं नाव काढलं की मेंढराच्या वाड्यात जाऊन बसती. पट्टी बी काढून टाकली तिनं. मारून का आणू?"

"मारू नका," रूपाली मॅडम म्हणाल्या. फोन ठेवून त्या कौसल्या सिस्टरांना म्हणाल्या, "आणखी थोडे दिवस असेच गेले ना, तर हात परत मिटेल. मग दुसरी शस्त्रक्रिया, आणि ती इतकी चांगली होईलच असं नाही. एवढी भ्यायली कशी ही पोरगी? सुया तर सगळ्याच लेकरांना टोचतात."

"मी येते तुमच्याबरोबर," कौसल्या सिस्टर म्हणाल्या. "लेकरं माझं ऐकतात."

सुटीच्या दिवशी दोघी निघाल्या. जालन्याला उतरून भोकरदनकडची गाडी धरली. गाडीत रूपाली मॅडम चुलतबहिणीच्या लग्नाचं काहीबाही सांगत होत्या. सिस्टर हं हं म्हणत होत्या आणि मनात वाक्यं जुळवत होत्या. बाळा, आता सुई नाही. बाळा, मी आहे ना.

घर गावाच्या कडेला होतं, पुढे लिंबाची सावली. दुर्गानं घाईनं सतरंजी टाकली. रेणूची आजी आसराबाई भिंतीला टेकून लोकर पिंजत होती. तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

"ह्या व्हय मोठ्या शिस्टर? लईच गुणाचं लेकरू आमचं, कधी कुणाला भ्यालं न्हाई. तुमच्या दवाखान्यातून आलं तवापासून झोपीत वरडतंय."

"आत्या, राहू द्या," दुर्गा सासूला हळूच म्हणाली. "लांबून आल्यात त्या."

रेणू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. उजवा हात ओढणीखाली. रूपाली मॅडमनी गोड बोलून तो बाहेर काढायला लावला. मधलं बोट आणि करंगळी पुन्हा आत वळायला लागली होती. रूपाली मॅडमनी ती नुसत्या बोटाच्या टोकानं चाचपली. "अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या, पण फार थोडा, हे त्यांच्या आवाजावरून सगळ्यांनाच कळलं.

कौसल्या सिस्टर पुढे वाकल्या. "रेणू बाळा, आता सुई अजिबात नाही. नुसता व्यायाम. मी सांगते ना तुला, शपथ."

"तुमी सांगू नका," रेणू म्हणाली.

"ए, असं बोलत्यात का मोठ्या माणसाला?" बिरू ओरडले.

"त्या खोटं बोलत्यात," रेणू म्हणाली. ती रडत नव्हती. "डॉक्टर दारात आल्ते. पाणी द्या म्हणले, खुशाल पिऊ द्या म्हणले. म्या झोपले नव्हते, मला ऐकू आल्तं. ह्या हो म्हणल्या. अन् मला म्हणल्या, डॉक्टरांनी नको सांगितलं. मंग त्यांनी मला धरलं बी."

अंगणात लोकर पिंजायचा आवाज थांबला.

दुर्गा सिस्टरांकडे वळली. "खरं हाय का हो, बाई? म्या बी घोट घेतला नव्हता त्या दिवशी. तुम्ही लेकराला पाणी न्हाई म्हणल्या म्हणून."

हो म्हणायचं आणि आपलं तेच करायचं, ही सवय इथे उपयोगाची नव्हती.

"खरं आहे," कौसल्या सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टरांनी द्यायला सांगितलं होतं. मी दिलं नाही. मला भीती वाटली. पण भीती माझी होती, आणि सुया तिला बसल्या."

"म्हणजे?" रूपाली मॅडम एकदम म्हणाल्या. "सरांना तर तुम्ही पाणी दिलं म्हणून सांगितलंत! म्हणून तर त्यांनी सगळ्यांचंच पाणी..."

"डॉक्टरला बी खोटंच सांगितलं?" रेणूनं विचारलं.

"हो."

"अजून न्हाई सांगितलं खरं?"

"नाही."

"कामून?"

लाज वाटली म्हणून, हे उत्तर होतं, पण नऊ वर्षांच्या लेकरासमोर ते कौसल्या सिस्टरांना फारच हलकं वाटलं. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला. डॉक्टरांचा नंबर दोनदा चुकला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून त्यांनी फोनचा स्पीकर लावला.

"सर, मी कौसल्या. रेणूच्या घरून बोलतेय. सर, त्या दिवशी मी तिला पाणी दिलं नव्हतं. थोडंही नाही. तुम्हाला खोटं सांगितलं."

पलीकडे कुठेतरी एक कुकरची शिट्टी झाली.

"सिस्टर," डॉक्टर कल्याण म्हणाले, "तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी चिडलो असतो. भांडलो असतो. पण मला कळलं तर असतं. मी कितीजणांना सांगितलं, की आपल्याकडे याचा उपयोग होत नाही. या सगळ्या दिवसांत किती लेकरं आत आली माझ्याकडे."

"हो सर."

"ती लेकरं तर आता येऊन गेली ना."

"हो सर," कौसल्या सिस्टर म्हणाल्या. त्यांना त्या चिमुरड्याचं तोंड दिसत होतं, पदर चोखणारं.

"उद्यापासून पाणी सुरू करतो. तुमच्या पाळीत मी स्वतः येऊन बघेन. वाईट वाटून घेऊ नका, पण बघेन." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "ती मुलगी आहे का तिथे? तिला म्हणावं, डॉक्टर चुकले. शीर मिळेना तेव्हाच मी थांबायला हवं होतं."

फोन बंद झाला. आसराबाईनं लोकरीचा पुंजका हातात घेतला होता, तो तसाच धरून ती सिस्टरांकडे पाहत होती, आता रागानं नव्हे.

कौसल्या सिस्टरांनी रेणूसमोर हात जोडले नाहीत, माफीही मागितली नाही. मागितली असती तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि तेवढंही ओझं त्यांना त्या पोरीवर टाकायचं नव्हतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "तुझं बराबर होतं. आता हाताचं काय करायचं ते तू ठरव."

रेणू चौकट सोडून पुढे आली. ती सिस्टरांच्या बाजूनं गेली, त्यांच्याकडे न बघता. रूपाली मॅडमच्या समोर जाऊन मांडी घालून बसली, आणि ओढणी बाजूला सारून तिनं उजवा हात त्यांच्या मांडीवर ठेवला.

"लई दुखंन का?" तिनं विचारलं.

"दुखेल," रूपाली मॅडम म्हणाल्या. "तू थांब म्हणालीस की थांबेन."

मनगटाला आधार लागतो हे कौसल्या सिस्टरांना ठाऊक होतं. सवयीनं त्यांचा हात पुढे गेला.

"तुमी नका धरू," रेणू म्हणाली. "माय धरंल."

दुर्गा येऊन बसली आणि तिनं मनगट धरलं. कौसल्या सिस्टर सतरंजीच्या कडेला सरकल्या. रूपाली मॅडमनी करंगळीला हात लावला. रेणूनं डोळे घट्ट मिटले, दात आवळले, आणि बोट उघडू दिलं.